चादरीचं दुसरं टोक

१

आधीच माफी मागून ठेवतो. माझी शाळा लवकर सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील आणि शब्दही साधेच येतील. ज्याच्यावर हे सगळं ओढवलं त्याला ‘मी’ म्हणायचा धीर होत नाही, म्हणून धाकटा म्हणतो. घरात त्याला तेच म्हणत.

धाकटा आणि थोरला, दोघे सख्खे भाऊ, एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईखान्यात कामाला होते. वरच्या मजल्यांवरच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट, सगळं चाकांच्या टोपल्यांतून खाली यायचं, धुऊन पिळून निघायचं आणि शेवटी रोलरवर यायचं. रोलर म्हणजे आडवं ठेवलेलं, वाफेने तापवलेलं लोखंडी लाटणं, दोन खाटा टोकाला टोक लावून ठेवाव्यात एवढं लांब. ओली चादर दोघांनी दोन टोकांना धरून त्याच्या तोंडाशी लावायची, हात काढून घ्यायचे, मग एकाने पायाखालची पट्टी दाबायची. लाटणं खाली बसतं, चादर आत ओढली जाते आणि पलीकडून कोरडी, कडक होऊन बाहेर पडते. पट्टी एकाच टोकाला होती, धाकट्याच्या पायाशी.

अडचण अशी की धाकट्याच्या जागेवरून दुसरं टोक दिसायचं नाही. ओलं कापड तापल्या लोखंडाला लागलं की वाफेचा लोट उठायचा, त्यात तिथला एक नळ कायमचा गळका. आणि आवाज असा की शेजारी उभं राहून शिवी दिली तरी समोरचा मान डोलावून हसायचा.

म्हणून थोरल्याने भाषा काढली.

२

त्या गोंगाटात वाक्य पूर्ण पोचायचंच नाही. ‘चादर ओढ’ म्हटलं तर ‘चादर’ पोचायची आणि ‘ओढ’ वाफेत विरून जायचं. मग थोरल्याने वस्तू आणि तिचं काम दोन्ही एकाच शब्दात वितळवली. चादर ओढ म्हणजे चादोढ. हात काढ म्हणजे हाताढ. घडी घाल, घडाल. अभ्रा उलटा कर, अभ्रुलट. टोपली सरकव, टोपसर. कुणी करायचं हे शब्दात नसायचं. माणसं दोनच होती, एकाने म्हटलं की ते दुसऱ्यानेच करायचं.

थोरला या शब्दांच्या बाबतीत सुताराइतका चोखंदळ होता. धाकट्याने एकदा उत्साहाने ‘साबणओत’ असा शब्द करून आणला, तर थोरला म्हणाला, “हे ठिगळ झालं रे. शब्द असा पाहिजे की कुठे जोडलाय ते हाताला लागू नये.” आणि त्याने तो साबोत करून दिला.

आणखी एक रीत त्याने घालून दिली होती, आणि सगळं काम तिच्यावरच चालायचं. एकाने शब्द टाकला की दुसऱ्याने तोच परत द्यायचा. परत आला म्हणजे सांगितलेलं झालं. हाताढ गेला, हाताढ आला, की धाकटा डोळे झाकून पट्टी दाबायचा. शब्द परत देताना थोरला शेवटचं अक्षर जरा लांबवायचा, नुकताच झोपेतून उठल्यासारखा. वर्षानुवर्षं असं चाललं, आणि कुणाच्या बोटाला साधा चटका बसला नाही.

बॉयलरवर एक जाडजूड म्हातारा होता. त्याला सगळे बंबकाका म्हणत. तो म्हणायचा की या दोघांची भाषा म्हणजे पत्र्यावरच्या मांजरांचं भांडण. आणि वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, म्हणायची की भाजीवाल्याने घाईत सगळं एकाच पिशवीत कोंबावं तसे तुमचे शब्द, आत काय आहे ते घरी जाऊन उपसून बघायचं. तिला ही भाषा घरात चालायची नाही. तरी थोरला सकाळी तिच्यासमोर कप धरून हळूच म्हणायचा, “चहोत.” ती चहा ओतायची, पण शब्द काही परत द्यायची नाही.

३

थोरला आजाराने गेला. ताप छातीत उतरला आणि त्याच इस्पितळाच्या वरच्या एका वॉर्डात तो संपला. त्याची चादरही याच टोपल्यांतून खाली आली असणार आणि याच रोलरवर लागली असणार. हा विचार धाकट्याने कुणाला बोलून दाखवला नाही.

बंबकाकाने ऑफिसात शब्द टाकला आणि थोरल्याच्या जागी वहिनीला घेतलं. पहिल्या सकाळी ती एप्रनची गाठ पुन्हा पुन्हा सोडत-बांधत होती. धाकट्याने तिला तीनच शब्द शिकवले, चादोढ, हाताढ आणि घडाल, आणि परत द्यायची रीत सांगितली. बाकीचं हळूहळू बघू म्हणाला. तिचा आवाज बारीक आणि टोकदार होता, वाफेतून सुईसारखा आरपार यायचा. काम जमेल असं वाटलं. दोघांनाही बरं वाटलं.

४

मग एका सकाळी अभ्र्यांचा ढीग आला, सगळे आतून बाहेर झालेले. धाकट्याच्या तोंडून सवयीने गेलं, “अभ्रुलट.”

“अभ्रुलटऽ,” पलीकडून आलं.

त्याने पट्टी दाबली, पुढचा अभ्रा लावला, तोही गेला. बऱ्याच वेळाने त्याच्या मानेवर काहीतरी गार सरकल्यासारखं झालं. तो शब्द त्याने वहिनीला शिकवलेला नव्हता.

थोरल्याने घरी शिकवला असेल, असं त्याने मनाशी म्हटलं. नवरा-बायको बोलता बोलता काय काय बोलतात, आपल्याला काय ठाऊक. जेवणाच्या सुट्टीत त्याने सहज विचारल्यासारखं करून विचारलं की अभ्रुलट कुठे शिकलात. वहिनीने डब्याचं झाकण लावता लावता वर पाहिलं.

“अभ्रू काय?” ती म्हणाली.

त्याने विषय बदलला. मग ती म्हणाली की अभ्रे उलटे होते ते तिने आपणहूनच सुलटे केले, कुणी सांगायला कशाला हवं. 

५

धाकटा शिकलेला नव्हता, पण भोळसटही नव्हता. मागच्या भिंतीला सगळीकडे फरशा बसवलेल्या, आवाज आपटून परत येत असेल असं त्याने धरून चाललं. मग प्रतिध्वनी आहे का ते तपासायचं ठरवलं. वहिनी पाणी प्यायला गेली होती, रोलर रिकामा फिरत होता. त्याने थोरल्याच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून एक शब्द टाकला, त्याच घटकेला जुळवलेला, आजवर कुणीच न वापरलेला. समोर त्याचा जेवणाचा डबा होता, म्हणून डबा घास, “डबाघास.”

काही आलं नाही. फरशा गप्प होत्या, वाफ गळक्या नळातून फुसफुसत होती. धाकट्याला हायसं वाटलं आणि त्याच वेळी छातीत कुठेतरी रिकामं वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटतं ते त्याला सांगता आलं नसतं. प्रतिध्वनी असता तर हा शब्दही परत आला असता. म्हणजे प्रतिध्वनी नव्हे. म्हणजे सकाळचा भासच. तो पुढची चादर उचलायला वाकला.

तेव्हा वाफेतून, कुणी थोडा विचार करून बोलावं तसं, आलं, “डबासऽ.”

शब्द दुरुस्त करून आला होता. सांधा कुठे हाताला लागत नव्हता.

६

त्यानंतर धाकट्याने तोंड मिटून घेतलं असतं, पण मुकाट्याने रोलर चालवता येत नाही. शब्द टाकावेच लागत. चादोढ टाकला की दोन उत्तरं यायची, आधी जाडसर आणि लांबवलेलं, मग वहिनीचं बारीक. तो दोन्हींची वाट बघायला शिकला. माणूस कशालाही सरावतो. काही दिवसांनी त्याला त्या आवाजाची भीती वाटेना. सकाळी एप्रन चढवताना तो आवाज येईल का याचीच काळजी वाटायची.

वहिनीच्या लक्षात आलं असेल का, हा प्रश्न त्याला टोचत होता. तिला सांगावं तर ती घाबरेल, आणि न सांगावं तर ते फसवल्यासारखं. शेवटी टोपल्या वर पाठवताना त्याने अडखळत अडखळत सांगितलं. ती घाबरली नाही. म्हणाली की तिला पहिल्या दिवसापासून ऐकू येतंय. आधी तिला वाटलं, भाऊजी आपलं मन रमावं म्हणून भावाचा आवाज काढतात, म्हणून ती काही बोलली नव्हती, अभ्रुलटचं विचारलं तेव्हाही नाही. मग एकदा धाकटा खोकत असताना, खोकल्याच्या मधोमध तो आवाज आला, तेव्हा तिला कळलं.

“घरी एवढी शांतता आहे, भाऊजी,” ती म्हणाली. “कान लावून बसते. घरात काही नाही. ते इथे आहेत, या गोंगाटात.”

धाकट्याला आता आठवलं की ती हल्ली केस नीट विंचरून, वेळेआधी कामावर येत होती.

७

ज्या दुपारी ते घडलं त्या दुपारी कामाची झुंबड उडाली होती. वरचा एक वॉर्ड रिकामा केला होता आणि चादरींच्या टोपल्या दारापर्यंत लागल्या होत्या. वाफ इतकी की धाकट्याला स्वतःचा हात कोपरापासून पुढे धूसर दिसत होता.

त्याने शब्द टाकला, “हाताढ.”

“हाताढऽ.”

पाय खाली गेला. दुसऱ्या उत्तरासाठी थांबायचं त्याच्या डोक्याला ठाऊक होतं, पण पाय डोक्याचं ऐकत नव्हता. त्या पायाने इतकी वर्षं एकच आवाज मानला होता आणि त्या आवाजावर तो कधी चुकला नव्हता.

वहिनीची किंकाळी शब्दाशिवाय आली.

त्याने थांबवायची दोरी ओढली. लाटणं कण्हत उचललं गेलं. वहिनीच्या सैल बाहीचं लोंबतं टोक आत गेलं होतं आणि चादरीसारखं कडक इस्त्री होऊन निघालं होतं. मनगटावर पट्टा ओढल्यासारखा लाल डाग उठला होता. हात वाचला होता. आणखी वीतभर कापड आत ओढलं गेलं असतं तर वाचला नसता.

बंबकाका धापा टाकत आला. त्याने धाकट्याला बैल म्हटलं, गाढव म्हटलं, आणखी दोन-तीन जनावरं म्हटली, मग वहिनीचा हात गार पाण्याच्या नळाखाली धरला. सगळी यंत्रं थांबली होती. त्या तळघरात एवढी शांतता कुणी कधी ऐकली नव्हती.

आणि त्या शांततेत रोलरच्या दुसऱ्या टोकाकडून, अगदी निवांतपणे, काम सुरळीत चाललंय अशा सुरात आलं, “हाताढऽ.”

बंबकाकाचे कान बॉयलरने अर्धे मारून टाकलेले. तरी त्याने मान वळवली. “कोण ओरडतंय आता?” तो चिडून म्हणाला. “मशीन बंद आहे, दिसत नाही?”

धाकट्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनी जमिनीकडे पाहत होती.

८

धाकट्याचं म्हणणं सरळ होतं. दादाच्या मनात वाईट काहीच नाही. त्याला हाक जाते, तो ओ देतो. त्याच्या भाषेत कुणी करायचं हे नसतंच, मग त्याने कसं ओळखावं की आता ते दुसऱ्या कुणाला सांगितलंय. आपण हाका मारतोय तोवर तो कामावर येत राहणार, आणि आज ना उद्या वहिनीचा हात जाणार. ही भाषा बंद करायला हवी.

वहिनी म्हणाली, “हात गेला नाही ना?”

“जाईल.”

“जाऊ दे. माझ्याकडे तो आवाज तेवढाच उरलाय, भाऊजी.”

असं ती म्हणाली, आणि बंबकाकाने बोलावलं म्हणून मलमपट्टी करून घ्यायला वर गेली.

धाकटा एकटाच राहिला. पाळी संपत आली होती, माणसं हात-तोंड धुवायला गेली होती. खिडकीच्या उंच पट्टीतून संध्याकाळचा उजेड येत होता, आणि वाफ अजून तरंगत होती. टेबलावर एक चादर घडी न घालता पडली होती. उद्यावर काही टाकायचं नाही अशी थोरल्याची शिस्त होती. एकट्याने ती मोठी चादर नीट घडी होत नाही, तरी धाकट्याने दोन कोपरे धरले आणि हवेत झटकली.

चादर खाली आली नाही. ताणली गेली.

वहिनी आली असेल, असं त्याने धरलं. वाफेत दुसरं टोक दिसत नव्हतं, पण कापडाला ओढ होती. घट्ट तरी मऊ, कामाच्या माणसाची. त्याने सवयीने म्हटलं, “घडाल.”

“घडालऽ.”

तेव्हाच त्याला मागच्या जिन्यावर वहिनीच्या चपलांचा आवाज ऐकू आला. ती आत्ता कुठे खाली येत होती.

धाकटा चादर टाकून पळाला असता. पण घडी घालताना अर्ध्यावर सोडायचं त्याच्या अंगातच नव्हतं. चादरीच्या घडीची रीत अशी असते, की दोघांनी एकमेकांकडे चालत यायचं आणि एकाने आपले कोपरे दुसऱ्याच्या हातात द्यायचे. तो चालायला लागला. समोरूनही कुणी येत होतं, कारण चादर मधोमध लोंबायला लागली होती. तिच्या पडद्यामुळे समोरचं काही दिसत नव्हतं. तो रडत होता हे त्याला नंतर कळलं.

हात हाताला लागले. कोपरा त्याच्या तळव्यावर ठेवून वर अंगठा दाबला गेला, थोरला दाबायचा तसाच, म्हणजे कापड निसटू नये. तो अंगठा तेवढा धाकट्याने पाहिला. नख चपटं, जुन्या माराचं. कातडी पांढरी, सुरकुतलेली, फार फार वेळ पाण्यात काम केल्यासारखी. पण अंगठा गार नव्हता.

मग चादरीच्या पलीकडून, अगदी जवळून, एक शब्द आला. लांबवलेला नव्हता, कारण तो उत्तराचा नव्हता. थोरला गेल्यापासून सगळे शब्द धाकट्याने टाकले होते आणि पलीकडून परत आले होते. हा पलीकडून टाकलेला होता.

“हासोड.”

असा शब्द त्यांनी कधी केला नव्हता. धाकट्याला तो उलगडायला क्षणभर लागला. हात होता त्यात, आणि सोडणं होतं, आणि सांधा कुठे लागत नव्हता. त्याला वाटलं, पण मला तर तूच धरलंयस. त्याने खाली पाहिलं. अंगठा केव्हाच सैल झाला होता. मूठ धाकट्याची होती. त्याने ती इतकी आवळली होती की त्याचीच बोटं पांढरी पडली होती.

मागे चपला थांबल्या. वहिनीने ते पाहिलं होतं, किती ते तिने कधी सांगितलं नाही.

“शब्द परत देऊ नका,” ती म्हणाली. “भाऊजी, तुमच्या पाया पडते. देऊ नका.”

धाकट्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिचा हात मनगटापाशी पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला होता, आणि तो हात तिने पुढे केला होता, चादरीच्या दिशेने.

समोरचा थांबला होता. शब्द परत आल्याशिवाय हालचाल करायची नाही, ही रीत त्यानेच घालून दिली होती.

“हासोड,” धाकटा म्हणाला. आवाज फुटला नाही म्हणून त्याने परत म्हटलं, “हासोडऽ.” आणि एकेक करून बोटं उघडली.

चादरीचं दुसरं टोक जमिनीवर पडलं. पलीकडे टेबल होतं, टोपल्या होत्या, खिडकीतला उजेड होता. फरशीवर वाफेचं पाणी साचलेलं होतं आणि त्यात काही दिसत नव्हतं.

 वहिनी पुढे आली, एका हाताने ते टोक उचललं, पुन्हा मळलं म्हणून झटकलं, आणि धुवायच्या टोपलीत टाकलं.

९

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा नेहमीच्या वेळी गेला. वहिनी येईल की नाही याची त्याला खात्री नव्हती. ती आली. केस घाईने बांधले होते, डोळे सुजले होते. त्याच्याशी न बोलता ती आपल्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि दुखऱ्या हाताने जमेल तशी चादर लावली. बंबकाकाने वाफ सोडली, गोंगाट सुरू झाला आणि ती वाफेआड गेली.

धाकट्याने घसा साफ केला. मग पोटापासून जोर लावून तो ओरडला, “वहिनी, तुमचे दोन्ही हात बाहेर काढलेत का?”

एवढं लांबलचक वाक्य त्या यंत्रावर आजवर कुणी ओरडलं नव्हतं. पिळणीजवळच्या बायका वळून बघायला लागल्या. कुणीतरी हसलं. अर्धं वाक्य वाफेत गेलं असणार, म्हणून त्याने ते पुन्हा पहिल्यापासून ओरडलं.

पलीकडे बराच वेळ काही नव्हतं. तीही ऐकत होती, हे त्याला ठाऊक होतं. दोघेही एकाच गोष्टीसाठी कान लावून उभे होते.

मग सुईसारखा आवाज आला. “काढलेत, भाऊजी.”

धाकटा पट्टीवर पाय ठेवून आणखी थोडा थांबला. दुसरं कुणी काही म्हणालं नाही.

त्याने पट्टी दाबली.